मागच्या आसाचा आवाज

पौष लागला की माझ्या वर्गात हजेरी घेण्यात काही अर्थ राहत नाही. म्हशाची जत्रा जवळ आलेली असते. शहापूरहून म्हसा गाव काही हाकेच्या अंतरावर नाही, पण जत्रा म्हटली की पोरींना अंतर दिसत नाही. कुणाच्या बापाला बैल घ्यायचा असतो, कुणाच्या आजीला घोंगडी हवी असते, कुणाचा नवस असतो, आणि ज्यांचं यातलं काहीच नसतं त्यांना तापच आलेला असतो. परवा एक जण दारातूनच ओरडून गेली, "बाई, आमी बैल बगाया जातो!" मी हात हलवला. उरलेल्या चारदोन पोरींना पाढे म्हणायला लावले आणि खिडकीशी उभी राहिले.

बाहेर पेंढ्याचा वास होता. झोडणी उरकली की साऱ्या मुलखाला हा वास येतो, सुका आणि थोडा गोडसर. रिकाम्या भातशेतांतून वाल उगवलेला असतो. सकाळी धुकं इतकं दाट, की रस्त्यावरून येणारी मोटार आधी ऐकू येते आणि मग दिसते. माझी सवय अशी, की मोटार ऐकू आली की मी काम थांबवून ऐकते. लढाई सुटली, साहेबही गेला, रस्त्याला लॉऱ्या वाढल्या, तरी ही सवय गेली नाही. ऐकते, ती नाही असं कळतं, आणि पुन्हा पाढ्यांकडे वळते. वाईट वाटतं असंही नाही. दार लागलंय ना हे माणूस पुन्हापुन्हा बघतं, तसं आहे ते.

ती म्हणजे आमची मोटार. आमची म्हणताना अजून हसू येतं, कारण आम्ही सरळगावच्या अलीकडचे भातवाले, आमच्या दारात बैलगाडी शोभायची. पण माझे यजमान शहापूरला एका लाकडाच्या वखारीवर ड्रायव्हर होते. वखारीच्या शेटच्या मुलाला कधीतरी मुंबईत हौस आली आणि त्यानं एक जुनी, शर्यतीच्या जातीची उघडी मोटार आणली. बसायला दोनच जागा. पुढचं नाक हे लांब, त्यावर बैलाच्या छातीला बांधावा तसा कातड्याचा पट्टा, आणि पाठीवर एक जादा चाक. रंग बाटलीचा हिरवा. पुढे तिच्यातून कसलासा आवाज येऊ लागला, पोराची हौस फिटली, आणि शेट माझ्या यजमानांना म्हणाले, "नाम्या, घेऊन जा ही बला. इथं उंदरं घर करतील."

ती पहिल्यांदा दारात आली तेव्हा सासूबाईंनी तिच्याभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "येवढा लांब नाक, नि बसाया दोन मानसा? पोता कुठं ठेवाचा?"

"पोत्यासाठी नाय गो आई ही," यजमान म्हणाले.

"मंग कशासाठी?"

ते नुसते हसले आणि फडक्यानं दिवे पुसू लागले. गावात मात्र तिची कीर्ती झाली. दसऱ्याला नांगराच्या शेजारी तिला झेंडूची माळ पडली, आणि माझे दीर दामूभाऊजी तिच्या पट्ट्याला हात लावून लोकांना सांगत, की हा पट्टा सोडला तर ती उधळेल.

आवाजाचं सांगायचं तर तो मोठा नव्हता, पण चिवट होता. रिकाम्या गाडग्यात गांधीलमाशी अडकावी तसा. यजमान आठवड्याच्या बाजारानंतर शहापूरहून घरी येत. आमच्या गावाआधी एक छोटी खिंड आहे. खिंडीच्या उताराला लागलं की त्यांचा पेडलवरचा पाय सुटे आणि आवाज एकदम मोकळा होई, तीन शेतं ओलांडून आमच्या पडवीत येई. मी उठे, तांदूळ धुऊन ठेवलेले असत, ते चुलीवर टाकी. चिंचेच्या वळणापाशी आवाज बारीक होई, मग दारात येऊन थांबे. ते हातपाय धुऊन पाटावर बसेपर्यंत भात वाफेला आलेला असे. आमच्यात बाईनं नवऱ्याला हाक मारायची पद्धत नाही, आणि नवरा तरी बायकोला चारचौघांत कुठे हाक मारतो! आमचं बोलणं हे एवढं होतं. त्यांनी उतारावर पाय सोडायचा आणि मी तांदूळ टाकायचे.

एकदा, एकदाच, ते मला तिच्यातून म्हशाला घेऊन गेले होते. पौषच होता. डोळ्यांत धूळ, केसांत धूळ, आणि समोर सिद्धगड निळा. ते स्टिअरिंगवर ओणवे होऊन म्हणाले, "आयक. पाय काडला की कशी वराडते. गेरबॉक्स गेलाय तिचा. लढाई सुटली की खोलनार." ते नेहमी हेच म्हणत. चिडले की गिअरबॉक्सला शिव्या देत, लाडात आले की त्याची तब्येत विचारत. घरात सगळ्यांना ठाऊक झालं होतं, की मोटारीला गिअरबॉक्स नावाचा अवयव असतो आणि आमच्या मोटारीचा तो दुखतो.

भादव्याच्या अखेरीस ते तापानं गेले. शहापूरलाच गेले. बैलगाडीतून घरी आणले तेव्हा त्यांच्यावर वखारीतली ताडपत्री होती, आणि मला आठवतं ते एवढंच, की ताडपत्रीला डिंकाचा वास येत होता. बायका माझ्याभोवती बसल्या. मी रडेन म्हणून त्या थांबल्या होत्या. मीही थांबले होते. रडू आलं नाही. "रड गो बाय, नायतर छातीत गाठ बसल," असं एकीनं समजावलं, दुसरीनं रागानं सांगितलं. मी मान हलवली. मला खरोखर काहीच वाटत नव्हतं. अंगाखाली हात ठेवून निजलं की उठल्यावर तो आपला वाटत नाही, तशी मी सगळी झाले होते. कामं सगळी करत होते. मीठ बरोबर पडत होतं.

तेराव्यानंतर वखारीच्या दुसऱ्या ड्रायव्हरनं मोटार आणून पोचवली. दुपार होती. मी पडवीत सूप घेऊन बसले होते. खिंडीत आवाज मोकळा झाला, आणि मी उठले, तांदूळ धुतले, टाकले. सासूबाई बघत होत्या. त्यांनी तोंडाला पदर लावला. चिंचेपाशी आवाज बारीक झाला. दारात थांबला. मोटारीतून भलताच माणूस उतरला, आणि मला नवल वाटलं नाही, की धक्का बसला नाही. भात झालाच होता, तो त्याला वाढला. बिचारा मान खाली घालून जेवला.

त्यानंतर मोटार पेंढ्याच्या उडवीशेजारी उभी राहिली. कोंबड्या तिच्या गादीवर बसू लागल्या. त्या पावसाळ्यात आमच्या जोडीतला एक बैल बसला होता तो उठलाच नाही, आणि एका बैलावर नांगर चालत नाही. मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, ठरवलं की मोटार म्हशाला विकायची आणि बैल आणायचा. मला विचारलं. मी म्हटलं, विका. मला त्याचंही काही वाटलं नाही.

पण आमच्या घराण्याची जनावरं विकायची एक रीत आहे. म्हशाच्या बाजारात व्यापारी जनावराची शिंगं रंगवतात, दात घासतात, लंगडा बैल सकाळी चालवून अंग मोकळं करून आणतात. आमच्या घरी ते नाही. आधी खोड सांगायची, मग घोंगडीखाली हात घालून बोटांनी किंमत. मारका असेल तर मारका, बसका असेल तर बसका, तोंडानं सांगायचं. आणि सांगायचं ते मालकानं नाही. ज्यानं त्या जनावराला चारा घातला त्यानं. मामंजी या बाबतीत देवाचंही ऐकले नसते. आता मोटारीची खोड आवाज ही उघडच होती. पण, "आवाज करते ही काय खोड झाली?" मामंजी म्हणाले. "बैल लंगडतो यवढा सांगून चालत नाय. खुरात हाय का खांद्यात, ता सांगाया लागतं."

दामूभाऊजींना मात्र खोड शोधण्यापेक्षा ती बरी करण्याची घाई. त्यांचा हिशेब सोपा होता. चाक कुरकुरलं की वंगण घालायचं. बैलगाडीच्या चाकांच्या आसासाठी घरात एरंडेल आणि पेंढ्याची राख कालवून ठेवलेली असतेच. मोटारीचा दुखरा अवयव तर घरात पोराटोरांना ठाऊक. भाऊजींनी बूच शोधलं आणि ते सारं काळं वंगण गिअरबॉक्सात ओतलं. भावाच्या मोटारीवर त्यांनी जीव लावून केलेलं हे पहिलंच काम, त्यामुळे त्यांना कुणी अडवलं नाही. दुसऱ्या दिवशी गिअरचा दांडा हलेना. आवाज तिथल्या तिथे.

तेव्हा मामंजींनी पडघ्याहून इसाक मिस्त्रींना आणलं. म्हातारे, दाढीला मेंदी लावलेले, वखारीच्या लॉऱ्या दुरुस्त करणारे. यजमानांना त्यांनी बघितलेलं होतं. त्यांनी बूच काढून बोट घातलं, वास घेतला आणि भाऊजींकडे पाहिलं.

"बैल कुटं हाय हिचा?" त्यांनी विचारलं.

मामंजी हसले. त्या दिवसांत ते एकदाच हसले. वंगण काढून गिअरबॉक्स रॉकेलनं धुवून झाला, नवं तेल पडलं, आणि मिस्त्री उकिडवे बसून म्हणाले, "आता सांगा. आवाज कवा येतो? उभी असताना का चालताना? चढाला का उताराला?"

पुरुष एकमेकांकडे बघू लागले. भाऊजी म्हणाले, "येतो आपला. सारखाच येतो."

"सारखा कुनाचाच येत नाय," मिस्त्री म्हणाले.

मी दाराआड होते. मी काही शहाणपण म्हणून बोलले नाही. प्रश्न विचारला होता आणि उत्तर माझ्यापाशी होतं. "उभी असली की गप असते," मी म्हटलं. "चढाला बारीक. उताराला पाय काढला की मोठा होतो. पुन्हा पाय दिला की दबतो."

मिस्त्रींनी दाराकडे मान वळवली, पण वर पाहिलं नाही. "वयनीला बरोबर घ्या," ते मामंजींना म्हणाले. "आवाज हिच्या वळखीचा हाय."

आता दोन जागांच्या मोटारीत परक्या पुरुषाशेजारी नुकतीच विधवा झालेली सून बसवायची कशी? गाव तर कुंपणाला लागून उभं. मामंजींनी त्यावर तोड काढली. ते स्वतः बाहेरच्या पायरीवर उभे राहिले, एका हातानं काच धरली, दुसऱ्यानं जादा चाक, आणि पागोटं उडू नये म्हणून त्याचा शेव दातांत धरला. अशी आमची वरात खिंडीकडे निघाली.

खिंडीच्या माथ्यावर मिस्त्री म्हणाले, "आता इंजन बंद करतो. गेर बी काडतो. नुसती सोडतो. मंग ज्यो आवाज राहील त्यो गेरबॉक्सचा नाय." त्यांनी चावी फिरवली. अंगाखालची थरथर गेली. मोटार आपल्या वजनानं घरंगळू लागली. वारा, चाकांखालची खडी, मामंजींचा श्वास. आणि मग वेग आला तसा तो आला. पाठीमागून, खालून. कुणी पाय सोडला नव्हता, इंजिन मेलेलं होतं, तरी तो आला.

"येतो?" मिस्त्रींनी विचारलं.

"येतो."

"ह्योच?"

"हाच."

घरी आल्यावर त्यांनी मागची चाकं ओंडक्यांवर उचलली आणि भाऊजींना इंजिन चालवायला बसवलं. "फुंकनी हाय का चुलीवरची?" मी आणून दिली. तिचं एक तोंड त्यांनी मागच्या आसाच्या मधोमध जो लोखंडी गोळा असतो त्याला टेकवलं, दुसरं कानाला. थोडा वेळ ऐकून फुंकणी माझ्याकडे केली. मी गुडघे टेकून कान लावला. रोज जिच्यातून फुंकर घालायची ती नळी, आणि तिच्यातून तो आवाज सरळ माझ्या कानात शिरला, इतक्या जवळून मी तो कधी ऐकला नव्हता.

"गेरबॉक्स धडधाकट हाय," मिस्त्री उठत म्हणाले. "ह्या गोळ्यातला दात झिजलाय. पयल्यापासना हितंच दुखतंय."

म्हणजे इतकी वर्षं ते भलत्याच जागी शिव्या देत होते! पहिली गोष्ट माझ्या मनात आली ती ही, आणि दुसरी ही, की त्यांना सांगायला हवं. संध्याकाळी पाटावर बसले की सांगेन: अहो, गिअरबॉक्स नव्हेच, मागचा आस. कसे चिडतील, कसे उठून कंदील घेऊन मागे जातील. सगळं डोळ्यांपुढे आलं. त्यांना ठाऊक नाही असं मला कळलेलं हे पहिलंच काहीतरी होतं, आणि ते घेऊन मी फुंकणी हातात धरून उभी होते. तरी रडू आलं नाही. फक्त फुंकणी फार जड लागली.

"दात नवा घातला तर?" मामंजी विचारत होते.

"लढाईत कुठनं आनू? पुडं मागं मिळंल."

"घातला तर आवाज परत येईल?" मी विचारलं.

"कशाला येईल? कायमचा गप."

"मग नका घालू," मी म्हटलं. ते कुणाला ऐकू गेलं नसावं. मोटार गेली तर जाऊ दे. पण ती कुठेतरी रस्त्यावर असेल आणि खिंडीत तो आवाज मोकळा होईल, एवढं मला हवं होतं. मला काहीतरी हवं आहे हे बऱ्याच दिवसांनी कळलं, आणि कळलं ते इतकं वेडगळ.

पेट्रोल वाचवायचं म्हणून मोटार शेजाऱ्याच्या उसन्या बैलांनी ओढत म्हशाला नेली. भाऊजी स्टिअरिंगवर, रुबाबात. बाजारात ती बैलांच्या रांगेत उभी राहिली, एका बाजूला खिल्लारी जोडी, दुसऱ्या बाजूला एक शांत म्हातारी म्हैस. लोक येत, आत वाकून बघत, टायरवर टिचकी मारत. एकानं दात बघायचे म्हणून पट्टा सोडून नाक उघडलं आणि मान डोलवून मिटलं. शेवटी मुरबाडला नवे आलेले डॉक्टर उभे राहिले. त्यांना पाड्यापाड्यांवर जायचं असे, पेट्रोलची कूपनं मिळत, मोटार मिळत नव्हती.

मामंजींनी घोंगडी खांद्यावरून काढली, पण हात पुढे केला नाही. "आधी खोड," ते म्हणाले. "हिला चारा माज्या पोरानं घातला. त्यो नाय. मंग जी हिची वाट बगायची ती सांगंल." आणि माझ्याकडे वळले. "सांग गो."

चारचौघांत, भर बाजारात, पांढऱ्या कपाळानं मी उभी राहिले. पदर ओढला आणि सांगू लागले. गिअरबॉक्स धडधाकट आहे. मागच्या आसाच्या गोळ्यात दात झिजलाय. उभी असली की गप. चढाला बारीक. "आणि खिंडीच्या उताराला पाय सुटला की मोठ्यानं ओरडते. तीन शेतं ओलांडून घरात ऐकू येते. मग चिंचेच्या वळणाला दबते, तिथं पाय द्यावा लागतो. तिथून दारात येईपर्यंत पातेल्याला उकळी येते."

"पातेल्याला?" डॉक्टर म्हणाले.

मामंजी खाकरले. "खोड ही अशी हाय," ते म्हणाले, आणि घोंगडीखाली हात घातला.

मोटार डॉक्टरांनी स्वतः हाकत नेली. गर्दीत, भोंग्यांत, बैलांच्या हंबरण्यात आवाज लगेच बुडाला. परतताना उसन्या जोडीशेजारून आमचा नवा बैल चालत होता. चांगला बैल होता. अजून आहे.

कधीकधी वाटतं, माणूस गेलं की त्याच्यामागे कपडे राहतात, भांडी राहतात, त्याचं आपण काय करतो? नेसतो, वापरतो, देऊन टाकतो. आवाजाचं काय करायचं हे कुणी शिकवलेलं नसतं. पुढे मामंजींनीच मला शाळेची परीक्षा द्यायला लावली, मी शहापूरला आले, लोक मला बाई म्हणू लागले. सगळं नीट झालं. पण त्याआधी, मोटार विकल्यानंतरच्याच चैत्रात, एक दुपार आली.

मी पडवीत रस्त्याकडे पाठ करून वाल सोलत होते. मागून कुणीतरी म्हणालं, "वहिनी, पाणी मिळेल का?" वळून पाहिलं तर अंगणात डॉक्टर उभे, आणि त्यांच्यामागे, चिंचेच्या सावलीत, ती हिरवी. धुतलेली, चकचकीत.

"कधी आलात?" मी विचारलं.

"हा काय, आत्ता. परवाही याच वाटेनं गेलो, वरच्या पाड्यावर बाळंतपण होतं." ते मोटारीकडे बघून खूष होते. "तुम्ही खोड अगदी नेमकी सांगितलीत, म्हणून काम झालं. मुंबईहून भाग मिळाला. आता खिंडीतून सोडली तरी हूं की चूं नाही. तुम्हांला कळलंसुद्धा नाही ना?"

मी त्यांना पाणी दिलं. ते प्याले, भांडं उपडं ठेवलं, गेले. मोटार वळणावरून दिसेनाशी झाली तेव्हाही काही ऐकू आलं नाही. मी आत आले. चूल थंड होती, चुलीवर काहीच नव्हतं. मी तिच्यापुढे खाली बसले, आणि मग जे आलं ते आवरेना.

सासूबाई परसातून धावत आल्या. "काय झाला? काय झाला गो?"

"गाडी येऊन गेली, आई," मी म्हटलं. "नि माला कळलाच नाय."